प्लायमागची फळी

पहिलं नाव विमलमावशींचं घेतो. आर्वीत एसटी डेपोकडून बाजार समितीकडं निघालात की उजव्या हाताला कडुनिंबाखाली इस्त्रीची हातगाडी दिसेल... त्याच विमलमावशी. त्या नसत्या तर मी दुकान, सामान सगळं तिथंच टाकून मिळेल त्या गाडीनं घरी, सांगलीकडच्या शिराळ्याला पळालो असतो. काय झालं ते सांगतोच, पण आधी त्यांचं नाव.

मी आठवीतून शाळा सोडली. लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या. या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचायचो, पण खरं सांगतो, हसायला वाचायचो. आमच्याकडं उसाला रात्रीचं पाणी धरायला मी एकटा जायचो. कधी पानसुद्धा हललेलं दिसलं नाही. मला भीती वाटते ती माणसांची. मालक काय म्हणेल, गिऱ्हाईक ओरडेल का, कागदावर सही करताना खाली काय लिहिलंय... याची. भुताची कधीच नाही.

विहिरीचं बोअर मारायच्या गाडीवर कामाला म्हणून मी इकडं आलो. गाडी पुढं गेली, मी आर्वीत राहिलो. मोबाईल रिपेरिंग शिकलो आणि पाच दुकानांच्या एका जुन्या ओळीत मधला गाळा भाड्यानं घेतला. दहा बाय बारा. पुढं एकच शटर, मागं ना दार ना खिडकी. भिंती नागड्या, मागच्या भिंतीला ओल. मी हळूहळू सगळं केलं... पुढं टिनाची शेड, खाली फरशी, काचेचं काउंटर, आणि ओल झाकायला मागच्या भिंतीवर प्लाय. सगळं माझ्या हातानं.

त्या भिंतीवर मधोमध एक जुनी लाकडी फळी होती. शाळेतल्या पाटीएवढी, चार पितळी स्क्रूंवर बसवलेली. काढायला गेलो तर स्क्रू जाम. मालकांना विचारलं. दिनेशभाऊ म्हणाले, "माही नाई बावा. आंधीच्या भाडेकरूची असन." मी म्हटलं, मालकांची नाही, माझी नाही, राहू दे. चारी बाजूंनी पट्ट्या मारल्या आणि फळीवरूनच प्लाय बसवला. पैसे कमी होते म्हणून हाताला लागले तसले स्क्रू वापरले, लहान-मोठे, कसलेही. हे लक्षात ठेवा.

यंदा दिनेशभाऊंनी करार वाढवला नाही. मुलीला पार्लर काढून द्यायचं होतं. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. ते म्हणाले, "तुमचं जे हाय थे सारं घेऊन जा, माही भिंत मले होती तशी द्या." पण कागदावर असंही होतं, की करार संपायच्या तारखेनंतर भिंतीला जे राहील ते मालकाचं. मला तळेगावात, श्यामजी पंतच्या तळेगावात, नवीन गाळा मिळाला होता, तोही नागडाच. इथलं काउंटर, इथला प्लाय, इथली शेड नेली तरच तिथं दुकान उभं राहणार. नाहीतर घरी परत. आणि घरून मी कसा निघालो होतो ते... जाऊ द्या. परत जाण्यासारखं नव्हतं.

मे महिना. आर्वीत मे महिन्यात दुपारी दोन ते चार कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. मीही शटर ओढून खोलीवर जेवायला जायचो. तारखेला आठ दिवस राहिले होते. चारला येऊन शटर वर केलं, तर काउंटरवरच्या माझ्या हिरव्या रबरी मॅटवर सहा स्क्रू. ओळीनं. सगळ्यात लहान डावीकडं, सगळ्यात मोठा उजवीकडं, सगळ्यांची डोकी एका रेषेत.

मी स्क्रू असे कधीच ठेवत नाही. मी बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात टाकतो आणि मग शोधत बसतो. वर पाहिलं तर प्लायच्या कोपऱ्यात सहा भोकं मोकळी.

वाटलं, मीच काढले असतील. डोकं ठिकाणावर नव्हतं त्या दिवसांत. पण दुसऱ्या दिवशी आणखी नऊ. तशीच ओळ. कुलूप जसंच्या तसं, चावी माझ्या खिशात.

मग मला मालकांचा संशय आला. भीत भीत त्यांच्या घरी गेलो, दारातच विचारलं, "भाऊ, तुमच्याकडं दुसरी चावी आहे का? कुणी प्लाय खोलतंय..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आत बायकोकडं पाहिलं. "आयकलं काय व! हा म्हन्ते मी स्क्रू खोलून राह्यलो!" आणि मला म्हणाले, "अरे, मले स्क्रू खोलता आले असते तं घरचा मिक्सर दोनदा बाहेर देला असता काय? आन् तुया प्लाय तूच काढनार हायेस ना? मंग मी काऊन तुयी मेहनत वाचवू?"

बरोबरच होतं. मी माफी मागून परत आलो.

तिसऱ्या दिवशी मी जेवायला गेलोच नाही. शटर गुडघ्याएवढं वर ठेवून आत स्टुलावर बसलो. लाईट गेलेली. पंखा बंद, घाम निथळतोय, फरशीवर उजेडाची एक पट्टी. अर्धा तास काही नाही. मग पेट्रोलचा वास आला. गाडीच्या टाकीचा नाही, फडक्यावर थोडं घेतलं की येतो तसा हलका.

आणि मग श्वास.

हा श्वास कसा होता ते आमच्या धंद्यातल्यांना लगेच कळेल. बारीक काम करताना आपण श्वास धरतो. स्क्रू सुटला की सोडतो. मीही तसाच सोडतो. तसा, माझ्या उजव्या खांद्याजवळ, कुणीतरी सोडला. आणि मॅटवर... टक्.

एक स्क्रू. ओळीत आपल्या जागी.

तो येताना मला दिसला नाही. आधी नव्हता, मग होता, एवढंच. मी प्लायकडं पाहिलं. क्षणापूर्वी जिथं स्क्रूचं डोकं होतं तिथं काळं भोक. पुन्हा तो श्वास...

मी शटरखालून सरपटत बाहेर आलो. चप्पल आतच राहिली. डांबर इतकं तापलेलं, की उड्या मारत मारत कडुनिंबाखाली गेलो.

विमलमावशी हातगाडीवर एकट्याच होत्या. "काऊन रे, साप निंगला काय? का गिराईक मांगं लागलं?" म्हणून हसायला लागल्या. "सांगलीवाले उनाले भेतात हे ठाऊक होतं, पन नाचतात हे आजच पाह्यलं."

मी सांगितलं. पेट्रोलच्या वासाचं सांगितलं, तेव्हाही त्यांच्या ओठांवर हसू होतं. पण स्क्रू लहानाकडून मोठ्याकडं लावलेले म्हटल्यावर त्यांनी इस्त्री उचलून बाजूला उभी केली. हसू गेलं.

"डोकी एका रेषेत?"

"हो."

"शंकरभाऊ," त्या म्हणाल्या. मला नाही, नुसत्याच.

माझ्या आधी, बऱ्याच वर्षांपूर्वी, त्या गाळ्यात शंकरभाऊ घडीवाले होते. घड्याळं दुरुस्त करायचे, पेट्रोलच्या फडक्यानं पुसून, स्क्रू लहानाकडून मोठ्याकडं ओळीनं मांडून. दिनेशभाऊंच्या वडिलांना जागा हवी होती, म्हणून त्यांनाही असाच गाळा सोडावा लागला होता. असाच उन्हाळा. स्वतः लावलेलं सगळं स्वतः काढत होते, रोज थोडं थोडं. दुसऱ्याला हात लावू देत नव्हते.

"म्हने, विमल, दुसऱ्याच्या भिंतीवर आपलं काही ठेवू नाई, आन् आपलं आपल्याच हातानं काढा," मावशी सांगत होत्या. "थ्या दिवशी दुपारी इथंच, या झाडाखाली पानी पेले. म्हने, एक फळीच राह्यली, बाबाची घडी टांगून राहे थे. जेवून येतो, चार वाजता काढतो. जेवले, झोपले, थे उठलेच नाई. पोरायनं टेम्पो आनला, घड्या नेल्या, कपाट नेलं. फळीकडे कोनाचं ध्यान?" पदरानं घाम पुसून म्हणाल्या, "मी चार वाजता शटरकडे पाह्यत होती. उघडलंच नाई."

मी म्हटलं, "मावशी, ती फळी प्लायच्या मागं आहे. मीच झाकली."

त्यांनी माझ्या शटरकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे तुयं काढल्याबिगर त्याले त्याचं काढता येत नाई. थो तुया दुश्मन नाई रे. थो आपल्या फळीपर्यंत यून राह्यला."

मी म्हटलं, मला नको तो प्लाय, नको काउंटर, मी जातो. तेव्हा त्यांनी मला जी शिवी दिली ती इथं लिहीत नाही. पुढं म्हणाल्या, "जाशीन कुठं? घरी? काय सांगशीन, भुतानं स्क्रू काढले म्हनून आलो? उद्या दोन वाजता मी येतो तुयासंगं."

आणि आल्या. दुसऱ्या दिवशी इस्त्रीची कामं सोडून, डोक्यावर पदर घेऊन आल्या. आत येऊन स्टुलावर बसल्या आणि समोर ओळखीचा माणूस बसलाय असं बोलायला लागल्या.

"शंकरभाऊ, हे पोट्टं परक्या गावचं हाय. यानं झाकली थे न समजता झाकली. याले याचं याच्या हातानं काढू द्या. मंग तुमचं तुमी काढा. घाई करू नोका, मी हाव इथं."

मी प्लाय काढला. स्क्रूड्रायव्हर चार वेळा घसरला. मावशी मधेमधे म्हणत होत्या, "हळू... हळू रे बाप्पा, भिंत पाडतं का." उरलेले सगळे स्क्रू निघाले. प्लाय खाली आला, मागं ती फळी. चार पितळी स्क्रू. सवयीनं मी ड्रायव्हर तिकडं नेला.

"हात नोको लावू! थे तुयं नाई."

मी ड्रायव्हर मॅटवर ठेवला. आम्ही बाहेर आलो, शटर पूर्ण खाली ओढलं, कुलूप लावलं, आणि कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिलो. शटर समोरच. मावशींनी इस्त्री गरम केली. त्यांनी सात शर्ट केले, मी प्रत्येक शर्ट मोजला. शटरजवळ कुणी गेलं नाही. चिमणीसुद्धा नाही. चारच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "चाल. थो येळेचा पक्का होता."

शटर वर केलं. पेट्रोलचा वास नव्हता. भिंतीवर फळी नव्हती. फळीच्या जागी जुना निळा रंग, पाटीएवढा चौकोन. पितळी स्क्रूही नव्हते, ना मॅटवर, ना खाली. प्लायचे माझे सगळे स्क्रू मात्र ओळीत, लहानाकडून मोठ्याकडं. आणि माझा ड्रायव्हर मी ठेवला तिथं नव्हता. काउंटरच्या कडेला, घडी केलेल्या फडक्यावर होता. टोकाला तेलाचा एक थेंब.

मी रडलो. मावशी रडल्या नाहीत. शटरमध्ये उभ्या राहून त्यांनी त्या निळ्या चौकोनाला हात जोडले आणि म्हणाल्या, "झालं बरं, शंकरभाऊ. चार वाजले."

दुसऱ्या दिवशी दिनेशभाऊ गाळा बघायला आले. भिंतीवरून तळहात फिरवत फिरवत निळ्या चौकोनापाशी थांबले. "हे चार भोकं कोनं बुजवले? मी तं सांगतलं नवतं." त्यांनी बोट लावून पाहिलं, बोटाला पांढरं लागलं. "ओलं हाय अजून. चांगलं केलं बावा, होती तशी देली भिंत." मी भोकं बुजवली नव्हती. आदल्या दिवशी ती बुजवलेली होती की नाही, ते रडण्याच्या नादात मी पाहिलंच नव्हतं.

लोक म्हणतात उन्हानं लाकूड आकसतं, स्क्रू ढिले होतात. होत असतील. पण ढिला स्क्रू ओळीत जाऊन बसत नाही, आणि बंद कुलपातून फळी जात नाही. मी किती वेळा विचार केला. उत्तर नाही. कुणाकडं असेल तर सांगा, पण माझी चेष्टा केली तरी चालेल, मावशींची करू नका.

आता तळेगावात दुकान बरं चाललंय. तोच प्लाय, तेच काउंटर, तीच शेड. इथं भिंतीला काहीही लावायच्या आधी मी पाहतो, आधीच्या माणसाचं काही राहिलंय का. आणि स्क्रू आता मीही ओळीत ठेवतो.

मावशी अजून उघड्यावरच इस्त्री करतात. कडुनिंब एका बाजूनं वाळलाय, दुपारी सावली सरकून रस्त्यावर जाते. मी परवा म्हटलं, मावशी, शेड करून देतो. तर म्हणाल्या, "तुयं दुकान तं आंधी नीट उभं राहू दे." राहील. मग मी येईन, टिन घेऊन, माझ्या हातानं त्यांच्या गाडीवर छप्पर करून देईन. आणि कधी काळी त्यांना ती जागा सोडावी लागली, तर ते काढायलाही मीच येईन. चारच्या आत.