नक्की नसलेला डोंगर

दोन्ही हातांच्या तर्जन्या लांबून आणून हवेत एकमेकींना टेकवायच्या आणि विचारायचं, "इकडून बघितलं, पण तिकडून बघितलं का?" ही आमच्या सर्व्हेयरसाहेबांची सवय. जमिनीवरची कुठलीही खूण दोन ओळखीच्या ठिकाणांवरून मोजून जुळल्याशिवाय ते नकाशावर सही करत नसत. कामापुरतं ते ठीक होतं. पण चहात साखर आहे का विचारलं तरी म्हणायचे, "असावी." 'नक्की' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. ऑफिसातल्या इजिप्शियन इंजिनिअरने त्यांचं नाव मिस्टर मेबी ठेवलं होतं. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांच्यामुळे कामं उशिरा होतात, पण पुन्हा करावी लागत नाहीत.

ते नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. बायको लवकर गेलेली, मूल नाही, गावी म्हातारी आई. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. आमची कन्सल्टन्सी अबू धाबीत होती आणि बरंचसं काम शहराबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वसाहतीतल्या रस्त्यांचं. मी एस्टिमेशनला होते. दर शुक्रवारी ते चर्चमधून थेट आमच्याकडे जेवायला यायचे. भाजी आवडली का हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्यांदा वाढून घेतली की आवडली असं आम्ही धरून चालायचो.

एका ईदच्या सुट्टीत ते चर्चच्या मंडळींबरोबर इजिप्तला, सीनाय पर्वतावर जाऊन आले. मोशेला देवाने दहा आज्ञा दिल्या तो डोंगर. जळूनही भस्म न होणारं झुडूपही त्याला तिथेच दिसलं होतं. साहेबांनी डोंगराच्या वाटेवरून स्वतः उचललेले दगड पिशवी भरून आणले. लालसर रंग आणि एका बाजूला काळ्या बारीक रेषांचं हुबेहूब झुडूप. ऑफिसात, शेजारीपाजारी, सगळ्यांना त्यांनी एकेक दिला. "सीनायचा आहे," एवढंच सांगायचे, आणि त्यात कुठेही 'असावा' नव्हतं. सगळ्यात सुरेख दगड त्यांनी गावी जाऊन आईच्या हातात ठेवला.

आईने तो उशाशी ठेवला. गावच्या पाळकांनी उपासनेत सगळ्यांना दाखवला. आजारी माणसं येऊन त्याला हात लावून जाऊ लागली. हे सांगताना साहेबांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला. आमचा सुदानी ड्राफ्ट्समन पूर्वी सौदीत तबूककडे रस्त्याच्या कामावर होता. आम्हा भारतीयांत राहून मोडकं हिंदी शिकलेला, आणि मोशेला मूसा म्हणणारा. तो म्हणाला, "मिस्टर मेबी, मूसा का पहाड़ इजिप्त में नहीं है. सौदी में है. उधर का लोग सब बोलता है."

"हबीबी, तुम उधर रोड बनाने गया था," इजिप्शियन इंजिनिअर आम्हालाही कळावं म्हणून तसल्याच हिंदीत म्हणाला. "हमारे पहाड़ के नीचे मॉनेस्ट्री है. कितना पुराना, मालूम है?"

"मॉनेस्ट्री बाद में बना. किसी ने बोला इधर है, तो इधर बना दिया."

"खलास, खाना खाओ," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. साहेबांनी मात्र चमचा खाली ठेवला. दोन्ही तर्जन्या वर आल्या, पण टेकल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी जिथून मिळतील तिथून पुस्तकं जमवली. दर शुक्रवारी वरणभाताबरोबर आम्हाला एक नवा डोंगर मिळायचा. कोणी म्हणे हेच शिखर, कोणी शेजारचं, कोणी सौदीतलं, कोणी पार उत्तरेच्या वाळवंटातलं. नावाचाही तोच घोळ. पवित्र शास्त्रात त्याला कुठे सीनाय म्हटलंय, कुठे होरेब. सीनाय हे नाव सिन नावाच्या जुन्या चंद्रदेवावरून पडलं असं काही विद्वान सांगत, तर काही झुडपाच्या शब्दावरून. होरेब म्हणजे कोरडी, उजाड जागा.

"अशी तर सगळी गल्फच होरेब आहे, ताई," साहेब म्हणाले. हसले मात्र नाहीत.

मी समजूत घालायला गेले. "अहो, मारुतीचा जन्म कुठल्या डोंगरावर झाला यावरून आमच्याकडेही तीनचार डोंगर भांडतात. आम्ही जाऊ तिथे नारळ फोडतो."

"पण तुम्ही सही करत नाही. मी केली," ते म्हणाले. "जन्मभर दोन बाजूंनी मोजलं, आणि देवाचा डोंगर एका गाइडच्या शब्दावर खरा धरून लोकांना वाटत सुटलो. लाज वाटते हो."

आणि मग हा माणूस घरोघर फिरला. ज्यांना दगड दिला त्या प्रत्येकासमोर उभं राहून सांगायचा, "मी तुम्हाला सीनायचा म्हणालो होतो. तसं मला म्हणता येत नाही. माफ करा." बहुतेकांना तर दगड कुठे ठेवलाय हेच आठवत नव्हतं. आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना बसवून घरभर शोधत होते. शेवटी माझ्या मुलीने तो बाल्कनीच्या दारातून उचलून आणला. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आम्हीच तो तिथे लावला होता. माझी मान वर होईना.

मुलीने फ्रॉकला पुसून तो त्यांना दाखवला. "बट अंकल, द ट्री इज स्टिल देअर."

"हो बेटा," ते म्हणाले. "झाड आहे खरं."

त्या दिवसापासून दगड शोकेसमध्ये गेला. वर्षभराने पुन्हा दाराशी आला, हेही सांगून टाकते.

आता आईला सांगायचं राहिलं होतं. पत्रातून नको, समोर बसून सांगतो, म्हणून ते सुट्टी काढून गावी गेले. परत आले तेव्हा मी विचारलं, "सांगितलं?"

"रोज सकाळी ठरवायचो. रोज सकाळी ती तो दगड हातात धरून प्रार्थना करत असायची. माझ्यासाठी."

पुढच्या वर्षी आई गेली. ते मातीला पोचले. परत आल्यावर एकदा मुसफ्फाला साइटवर जाताना कंपनीच्या गाडीत त्यांनी मला सांगितलं. शवपेटीत आईच्या हातात तो दगड ठेवला होता. झाकण लावण्याआधी पाळक सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही स्वतः आणलाय. हा नक्की सीनायचाच, नाही का? मंडळींना सांगा, धीर येईल."

"मग?"

"मी म्हटलं, नक्की."

बाहेर वर्कशॉपच्या रांगा जात होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आईसाठीच म्हणालात ना."

"ती कुठे ऐकत होती, ताई? समोर सगळं गाव होतं. मी माझी लाज राखली. आणि आता त्याचीच लाज वाटते."

त्यानंतर त्यांच्या तर्जन्या कधी वर आल्या नाहीत, की तोंडून 'असावी' ऐकू आलं नाही. काम चोख करायचे, सही करायचे, पण ऑफिसातल्या नव्या मुलांना मिस्टर मेबी हे नाव कशावरून पडलं ते कळायचं नाही.

दोन हजार साल उलटल्यावर ते निवृत्त झाले. निघण्याआधी पुन्हा सगळ्यांकडे गेले. "दगड असेल तर परत द्याल का?" ज्यांचे हरवले होते ते ओशाळून हसले. आमचा होता. मुलगी कॉलेजात जाण्याएवढी झाली होती. तिने तो धुऊन त्यांच्या हातात दिला.

"आता कशाला नेताय?" मी विचारलं.

"डोंगर तो असेल, नसेल. दगड त्या वाटेवरचे आहेत, मीच उचललेत. गावी जाण्याआधी तिथे नेऊन ठेवतो."

काही दिवसांनी इजिप्तहून फोन आला. लाइन खराब होती.

"ठेवले, ताई. जमले तेवढे सगळे."

"बरं झालं."

"आईचा राहिला. त्याची जागा तेवढी मला नक्की माहीत आहे."

फोन कट झाला. मी उगीच हॅलो, हॅलो करत राहिले. बाहेर वारा सुटला होता आणि बाल्कनीचं दार सारखं आपटत होतं.