एनिड गारबटची एकुलती चूक

आमच्या खाणीच्या गावात एनिड गारबटला भले भले वचकून असत. आणि तिच्या हातात होतं काय, तर डॉग शोचा कॅटलॉग! दर ऑगस्टला क्रिकेटच्या मैदानात तंबू पडायचे, आसपासच्या खोऱ्यांतून माणसं कुत्री घेऊन यायची, आणि कुणी कुठे बसायचं ते एनिडच्या जेवणाच्या टेबलावर आधीच ठरलेलं असायचं.

टपालाने आलेले फॉर्म ती टेबलभर पसरायची. नवरा बिचारा त्या दिवसांत मांडीवर ताट घेऊन जेवायचा. आधी कुत्र्याची जात बघायची, मग जातीच्या आत मालकाच्या आडनावाप्रमाणे ए ते झेड लावायचं, आणि मग ओळीने नंबर टाकायचे. पुस्तकात जो नंबर तोच तंबूत कुत्र्याला बसवायच्या लाकडी खणावर. म्हणजे छापताना जो तुमच्या वर आला, तो दिवसभर तुमच्या शेजारी बसणार. आणि आडनाव काही दरवर्षी बदलत नाही, त्यामुळे शेजारही जन्माचाच. या शेजारातून आमच्याकडे दोन लग्नं जमलीत आणि एक मोडलंय.

आम्ही यीडन. वायवाले. आमच्या मागे कुणीच नाही, म्हणून शेवटचा खण आमचा, तंबूच्या तोंडाशी, भर वाऱ्यात.

"अगं, एकदा तरी आम्हाला मधे कुठे घाल," मी दरवर्षी तिच्यामागे भुणभुण लावायची.

"मग आर्मस्ट्राँगशी लग्न करायचं होतंस," एनिड म्हणायची.

एकदा खुद्द शो-कमिटीच्या अध्यक्षांच्या बायकोने वारा लागतो म्हणून दुसरा खण मागितला. एनिड म्हणाली, "बाईसाहेब, तुम्ही आडनाव बदला, मी खण बदलते." बाईसाहेब शाल गुंडाळून मुकाट्याने बसल्या. एनिड होतीच तशी. स्वतःच्या सख्ख्या भावालाही तिने कधी एक ओळ वर सरकवलं नाही.

खरं तर वारा लागायचा तो माझ्या नवऱ्याला, क्लेमला. मी कुठे तंबूत जात होते? मी पलीकडे चहाच्या टेबलावर. क्लेम आणि त्याची बेडलिंग्टन जातीची कुत्री टॅन्सी, आणि शेजारच्या खणात मॅटी वेदरिल नावाचा वरच्या खोऱ्यातला म्हातारा. वेदरिल आणि यीडन, मधे कधी कुणी आलंच नाही. क्लेम घरी येऊन म्हणायचा, मॅटी असं म्हणाला, मॅटी तसं म्हणाला. मी म्हणायची, बरं बरं, आधी बूट काढा.

त्या फेब्रुवारीत क्लेम गेला. खाणीची धूळ छातीत होतीच. मी रडले, सावरले, पुन्हा रडले. पण टॅन्सी काही सावरेना. दाराकडे तोंड करून पडायची. तिचं खाणं मी पहिल्यापासून मापून करते, उकडलेलं, बिनमिठाचं, वेळच्या वेळी. ती वाडग्याला नाक लावायची आणि वळायची. दोन घास जायचे तेही जबरदस्तीने भरवलेले. मेंढीच्या कोकरासारखी गुबगुबीत कुत्री, तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. डॉक्टर म्हणाला, "रोग काही नाही हो. पण अशीच राहिली तर थंडी काढायची नाही."

मी काय करणार? हात टेकले. ती गेली असती तर घरात क्लेमचं जिवंत असं काही उरलं नसतं, नुसता त्याचा कोट खुंटीवर.

जूनमध्ये एनिड कोरा फॉर्म घेऊन दारात उभी. मी भडकलेच. "डोकं फिरलंय का तुझं? हा सांगाडा घेऊन मी रिंगणात नाचू?"

"नाचू नकोस. 'स्पर्धेसाठी नाही' असं लिही. परीक्षक तिला हात लावणार नाही. नंबर मिळेल, खण मिळेल. नुसतं बसायचं."

"वाऱ्यात?"

"वाऱ्यात," एनिड म्हणाली आणि खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. तिच्यापुढे कुणाचं चाललंय?

शोच्या सकाळी तंबूच्या दारातच कॅटलॉग हातात पडला. बेडलिंग्टनचं पान काढलं आणि बघतच राहिले. वेदरिल, यीडन, आणि त्यानंतर वुडगर! तीन कुत्र्यांसकट वुडगर. हे महाशय त्या वर्षी नव्याने आमच्याकडे आले होते. डब्ल्यूचा माणूस वायच्या मागे! जे पोराटोरांना कळतं ते एनिड गारबटला कळलं नाही?

आता माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी चारचौघांत ओरडले, "काय गं एनिड, ए-बी-सी-डी विसरलीस वाटतं! जन्मभर मला शेवटी बसवलंस, आणि आज क्लेम नाही तर आत घेतेस?"

सगळे हसले. एनिड कानापर्यंत लाल झाली. "वय झालं गं," एवढंच म्हणाली आणि दुसरीकडे वळली. त्या दिवशी दिवसभर तिची टिंगल चालली होती. कमिटीवाल्यांनी तर तिला शाळेत नाव घालू म्हणून चिडवलं. वुडगर महाशयांनी रीतसर तक्रार केली, आणि तिने सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली.

मी तणतणत खणात जाऊन बसले. शेजारी मॅटी वेदरिल. टोपी काढून म्हणाला, "यीडनबाई," आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. टॅन्सी भिंतीकडे तोंड करून पडली.

दुपारी त्याने डबा उघडला. आमच्याकडचा जाड पाव, त्यात हॅम, आणि वाटाण्याच्या डाळीचं घट्ट पिठलं थापलेलं. त्याने एक तुकडा मोडला आणि माझ्याकडे न बघता हात मधल्या फळीवरून आमच्या खणात घातला. जुनी सवय, दुसरं काय.

टॅन्सीचे कान हलले. ती उठली. पाय लटपटत होते, पण उठली, त्याच्या हातापाशी गेली आणि खाल्लं. मग बोटं चाटली आणि आणखी मागितलं.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं.

मॅटी दचकला. "नेहमीचंच बाई. दर शोला अर्धा डबा हिचा. क्लेम म्हणायचा, नोराला कळलं तर दोघांना घराबाहेर काढेल."

मी हसायला गेले आणि हुंदकाच आला. लबाड माणूस! इतकी वर्षं मी बिनमिठाचं मापून घालत होते, आणि हे दोघं माझ्या पाठीमागे हॅम खात होते! मॅटीने आपला रुमाल दिला, त्याला पिठलं लागलेलं होतं. मी त्यानेच डोळे पुसले.

आणि मग डोळ्यांपुढे ते पान आलं. वुडगर जिथे हवा होता तिथे असता, तर मॅटी आणि आमच्यामधे तीन खण पडले असते. दर शोला नंबर तपासत या तंबूतून कोण फिरायचं? एनिड. फळीवरून जाणारा हात कुणी पाहिला असेल? भावाला एक ओळ न सरकवणाऱ्या बाईने माझ्यासाठी आपलं नाव घालवलं होतं, आणि मी तिला चव्हाट्यावर आणलं.

ती डाळ कशी शिजवायची ते मॅटीने मला शिकवलं. मीठ घालून. टॅन्सीने ती थंडी काढली आणि पुढच्याही काढल्या.

एनिडने काम सोडलं तेव्हा खाणकामगारांच्या हॉलमध्ये निरोपाचं जेवण झालं. बोलायच्या पाळ्याही बाईने आडनावाप्रमाणेच लावल्या होत्या, म्हणजे मी शेवटी. अध्यक्ष म्हणाले, "एवढ्या वर्षांत एनिडच्या हातून एकच चूक झाली, कुठली ते सगळ्यांना ठाऊक आहे!" हॉल खदखदून हसला. एनिडही हसली, आणि माझ्याकडे बघून तिने गप्प राहा अशी मान हलवली.

माझी पाळी आली. पुडिंग संपून लोकांना जांभया येत होत्या.

"मी नोरा यीडन," मी म्हटलं. "एनिडची ती चूक इथेच आहे, माझ्या खुर्चीखाली. अध्यक्षसाहेब, तुमच्या ताटात हॅम उरलंय. तिला द्या."

अध्यक्ष वाकले. टॅन्सीने त्यांच्या हातातून घास घेतला. त्या वर्षी तिचा झालेला सांगाडा हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिला होता.

"एनिड," मी म्हटलं, "त्या दिवशी चारचौघांत ओरडले, म्हणून आज चारचौघांतच सांगते. देव तुझं भलं करो गं."

एनिडने हातातल्या नॅपकिनमध्ये तोंड लपवलं. ही बाई रडते हे आमच्या गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.