वेस्टगेटला दीड फेरा

"साहेब, घाई तुमाला हाय का इंजिनाला?"

मान तिरकी करून, बोटं चिंधीला पुसत मिस्त्री हे विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा कामाला लागायचे. असा प्रश्न विचारणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग येतो, कारण त्यांचं बहुतेक वेळा बरोबर असतं.

मी तेव्हा पंचविशीचा होतो. पदवी नवी कोरी, आवाज पदवीपेक्षा मोठा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लास्टिकच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून लागलो होतो. मिस्त्री लगतच्या मोरिवलीचे, पन्नाशी ओलांडलेले, चौथीपर्यंत शिकलेले. कागदोपत्री मी त्यांचा साहेब होतो. हा विनोद त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

वसाहतीची वीज शुक्रवारी बंद असायची. त्यावर तोड म्हणून शेठनी भंगारात निघालेल्या जहाजाचं एक डिझेल इंजिन आणलं आणि त्याला जनरेटर जोडला. इंजिनावर टर्बो होता, तो भलत्याच कुठल्या इंजिनाचा. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत हवा कोंबतो. हा पठ्ठ्या गरजेपेक्षा जास्त कोंबायचा. म्हणून धुराच्या पाइपावर बाहेरून एक झडप बसवायची ठरली. हवेचा दाब ठरल्यापेक्षा वाढला की झडप उघडते आणि जादा धूर पंख्याला वगळून निघून जातो. हिला वेस्टगेट म्हणतात. ती कधी उघडायची हे तिच्या स्प्रिंगवरचा एक स्क्रू ठरवतो.

त्या स्क्रूपायी मिस्त्रींनी माझे तीन शुक्रवार खाल्ले. आधी झडप टेबलावर घेतली. झडपेच्या तोंडात पतंगाच्या कागदाची पट्टी अडकवली, कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडली आणि पट्टी एका हाताने अलगद ओढत राहिले. पट्टी सुटली म्हणजे झडप उघडली; त्या क्षणी गेजवर दाब किती पौंड, ते खडूने भिंतीवर लिहिलं. मग झडप इंजिनावर चढवली. एका शुक्रवारी पाव फेरा, लोड टाकून दिवसभर बघायचं, पुढच्या शुक्रवारी पुन्हा पाव. मी चिडायचो. ते मान तिरकी करायचे.

अखेर पंधरा पौंडांवर काटा ठरला. थरथरीने गेज बिघडतं म्हणून त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं आणि स्क्रूच्या नटावरून खालच्या लोखंडी पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटणार. ही बाटली ते उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराकडून आणायचे. "किसके लिए ले जाते हो, चाचा?" त्याने एकदा डोळे मिचकावून विचारलं. "मशीन के वास्ते, साईं," हे गंभीरपणे म्हणाले. त्याला ते काही खरं वाटलं नाही.

"खून तुटली नाय तवर जबाबदारी माजी," ते सगळ्यांना सांगायचे. खून म्हणजे खूण. शेठना हे वाक्य फार आवडायचं.

त्या उन्हाळ्यात मोठी ऑर्डर आली आणि शेठना शुक्रवारी दोनऐवजी चार मशीन चालवायची होती. तेवढं लोड टाकलं की इंजिन काळा धूर ओकायचं. मिस्त्री म्हणाले, "त्याचा दम येवढाच, साहेब. दोन मशीन बंद ठेवा." शेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बघतो मी."

मिस्त्री जेवायला घरी गेले तेव्हा मी पाना घेतला. हवा वाढली की धूर कमी होणार, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. नट सोडला, स्क्रू दीड फेरा आवळला. गेज लावून बघायचे कष्ट घेतले नाहीत. मग ती तुटलेली रेघ दिसली. म्हाताऱ्याची कटकट नको, एवढाच विचार डोक्यात होता, शपथेवर सांगतो. त्यांच्या खणातली बाटली काढली, जुनी रेघ खरवडली आणि नवी ओढली. धूर थांबला. चारही मशीन चालली. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मिस्त्री परत आले आणि शेडच्या दारातच थबकले. "शिट्टी बारीक येतेय पंख्याची."

"ऊन वाढलंय ना," मी म्हणालो.

त्यांनी लांबूनच वाकून खुणेकडे बघितलं. ती सलग होती. मग ते निवांत स्टुलावर बसले.

चारच्या सुमाराला अतिवेगाने पंखा फुटला. तुकडे आत गेले, तेल उडालं. सगळे बाहेर पळाले, मीही पळालो. मिस्त्री आत गेले आणि डिझेलचा दांडा ओढून इंजिन बंद केलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी शेठ शेडमध्ये आले. खूण शाबूत होती, म्हणजे सेटिंग मिस्त्रींचंच. "कुणी हात लावला होता का याला?" शेठनी विचारलं.

मिस्त्री पट्टी बांधलेला हात सांभाळत वाकले आणि या वेळी जवळून बघितलं. उष्णतेने त्यांची रेघ आठवड्याभरात तपकिरी पडायची. ही लालभडक होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटाकडे बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला, चार शब्दांचं. ते मी नोकरीसाठी गिळलं.

"खून माजीच हाय, शेठ," मिस्त्री म्हणाले.

सोमवारपासून ते आले नाहीत. मी आणखी पाच वर्षं तिथेच होतो, बढतीसुद्धा मिळाली. मोरिवली कारखान्याच्या फाटकापासून दहा मिनिटांवर, आणि ही दहा मिनिटं मला पाच वर्षांत चालता आली नाहीत. भेकड होतो, दुसरं काय. नोकरी सोडून पुण्याला निघालो तेव्हा, आता कुणी काही वाकडं करणार नाही अशी खात्री झाल्यावर, गेलो.

मिस्त्री दीड महिन्यापूर्वीच वारले होते. त्यांच्या बायकोने पडवीत चटई टाकली, कोरा चहा दिला. नाव सांगितल्यावर तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुमीच ते साहेब? बरा झाला आलात. हे लय नाव काढायचे तुमचा."

मी कप खाली ठेवला.

"बोलायचे, शेठनी काढला मना, पन आमचा साहेब लय भांडला माज्यासाठी. नोकरी सोडतो बोलला, येवढा भांडला. मीच त्याला गप केला." ती माझ्याकडे बघत होती. "खरा ना, साहेब?"

सांगायला आलो होतो ते सगळं ओठांवर होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो.