उकरलेला खड्डा

शंभर यार्डांच्या शर्यतीचं नाव निघालं की मला अजून करडईच्या तेलाचा वास येतो आणि किळस वाटते. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. जिल्ह्याच्या शर्यती भिंगारच्या मैदानावर होत. आम्ही अनवाणीच पळायचो. रेघेमागं पाय रोवायला ज्यानं त्यानं खुरपीनं दोन खड्डे खणायचे. सकाळी त्यांतूनच सुटायचं आणि दुपारी पाहुणे आले की अंतिम शर्यतही त्याच खड्ड्यांतून.

कर्जतचा एक शेतकऱ्याचा पोर दोन वर्षं मला हरवत होता. जिंकणारा पुढच्या शर्यतींसाठी पुण्याला जाणार होता, पण मला पुण्याचं एवढं नव्हतं. याला एकदा तरी खरोखर हरवायचं, एवढंच डोक्यात होतं.

दुपारी बार झाला आणि तो सुटतानाच गुडघ्यांवर आपटला. तसाच उठून पळाला आणि तरीही माझ्यामागं जेमतेम छातीभर राहिला. फीत मी तोडली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

तंबूत आमचे ड्रिलमास्तर माझ्या पोटऱ्यांना तेल चोळत होते. त्यांच्या तोंडात पेढा होता. हळूच म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत मीच त्याचा खड्डा उकरून भुसभुशीत केला. वरून माती थापली. आली की नाही ढाल आपल्या शाळेला?" आणि हसले. ते तेलकट हात अंगाला नकोसे झाले. मी पाय ओढून घेतला.

तडक पंचांकडे गेलो. ते चिवडा खात होते. "निकाल लागलाय, बाळ. आपल्याच शाळेच्या तोंडाला कशाला काळं फासतोस?" म्हणाले आणि पुन्हा बशीत हात घातला. सगळे एकाच माळेचे मणी! तसाच मी कर्जतच्या त्या पोराला शोधत निघालो.

तो हौदापाशी फुटलेले गुडघे धूत होता. मला पाहून कष्टानं उठला आणि आपली खुरपी माझ्या हातात ठेवली.

"माजाच खड्डा कच्चा खनला गेला, गड्या. पुन्याला तू जातुयास, तर ही घिऊन जा. लई चांगली धार हाय."

मी त्याला सगळं सांगितलं. मास्तरांनी काय केलं, पंच काय म्हणाले, सगळं.

त्यानं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातली खुरपी परत घेतली, हौदात बुचकळून धुतली आणि कर्जतच्या पोरांकडे लंगडत निघून गेला.