शेजारच्या ओळीतली मुलाखत

प्रतीक्षानं माझ्या टेबलावर वीस फॉर्म ठेवले. मी एकेक चाळत गेले. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का? कधीच नाही. झोप मोडते का? कधीच नाही. वीस बाया, आणि एकीलाही कसली चिंता नाही. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या कापूसपट्ट्यात एवढं सुख असतं तर कॉलेजातली माझी समुपदेशनाची खोली कधीच बंद पडली असती.

प्रतीक्षा एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला होती. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाते. वेचणीच्या बायांच्या मनावरचा ताण, हा विषय तिनं स्वतः निवडला होता. आमच्याकडं निम्मे प्रोजेक्ट मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरतात, त्यामुळे मला या पोरीचं भारी कौतुक.

एचओडी सरांनी फॉर्म बघून लगेच तोडगा काढला. विषय बदला, मोबाइलचं व्यसन घ्या, विद्यार्थी इथल्या इथं मिळतात. सबमिशनला तीन आठवडे उरले होते.

प्रतीक्षा मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, बदलूनच टाकतो. आई म्हणते, विषय कोणताबी घे, पण पास हो."

मला राग आला, तो स्वतःचाच. तिची गाइड म्हणून फॉर्म मीच मंजूर केला होता. ती तो कसा भरून घेते, हे बघायला मात्र एकदाही गेले नव्हते. विषय बदलायचा नाही, उद्या मी सोबत येते, असं मी तिला बजावलं.

गाव पांढुर्ण्याजवळचं. वीसांतल्याच एका सुनेकडं फॉर्म पुन्हा भरून बघायला गेलो. अंगणात आमच्यासाठी खाट टाकली, पाणी आलं, चहा आला. सासू शेजारी बसली, जाऊ दारात उभी राहिली, कुंपणाशी दोन शेजारणी आल्या. प्रतीक्षानं वाचायला घेतलं, "तुमची माहिती गोपनीय ठेवली जाईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या प्रश्नाला सूनबाई तोंड उघडणार, तेवढ्यात सासू म्हणाली, "आमच्या घरी कायची कमी नाही, बाई." सुनेनं तीच री ओढली, आणि प्रतीक्षानं 'कधीच नाही'वर खूण केली.

खोलीत बोललेलं खोलीतच राहतं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. इथं खोलीच नव्हती. पाहुणा आला की अख्खं घर त्याच्याजवळ बसतं, त्यांना उठा म्हणणं म्हणजे अपमान. प्रतीक्षा याच रीतीत वाढलेली, म्हणून तिला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मी वीस वर्षं दार लावून बसलेली, म्हणून दारच नसेल तर काय, हे मला सुचलं नाही.

परतताना ऑटोत मी तिला विचारलं, तुझी आई मन मोकळं करते तरी कुठं?

ती विचार करून म्हणाली, "वावरात. दोघी जणी लागून-लागून ओळी धरतात. हात चालू राहते, मान खाली. कोणी कोणाच्या तोंडाकडं पाहत नाही."

"मग तूही ओळ धर."

दुसऱ्या दिवसापासून ती वेचलेला कापूस टाकायची ओटी कमरेला बांधून पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या पिकात, उतरली. आपण काय करून राहिलो, कशासाठी विचारून राहिलो, हे ती प्रत्येकीला आधी सांगायची. नाही म्हणायची मोकळीक होती. नावं लिहायची नाहीत. जिवाचं बरंवाईट करण्याची गोष्ट निघाली तर मात्र ती आपल्यात ठेवायची नाही, मला सांगायची, हेही बायांना आधीच सांगून टाकलं. फॉर्म तिनं तोंडपाठ केला आणि आपल्या बोलीत विचारला, "मावशी, रातीले झोप लागते का?"

बाया त्याच होत्या, उत्तरं पार बदलली. कोणी पहाटेपर्यंत आढ्याकडं बघत पडायची, कोणाला भाकरी थापताना उगाच रडू यायचं. एकीचं ऐकून प्रतीक्षा तशीच धावत माझ्याकडं आली आणि आम्ही त्या बाईला त्याच दिवशी डॉक्टरांकडं नेलं. ती आता बरी आहे. बोंडांच्या टोकांनी प्रतीक्षाची बोटं फाटली, पण प्रोजेक्ट वेळेत गेला.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी पानं उलटत विचारलं, "फॉर्म वीस आणि मुलाखती एकोणीस? एक कुठं गेली?" एचओडी सरांनी माझ्याकडं रागानं पाहिलं. एकीनं नाही म्हटलं असेल, असं मी धरून चालले होते.

प्रतीक्षा म्हणाली, "सर, विसावी माझी आई आहे. वीस पुरे करायला तिचाबी फॉर्म मीच भरला होता. तिनंबी 'कधीच नाही' सांगितलं होतं. वावरात मात्र ती बोलली. ते मी पोरगी म्हणून ऐकलं, सर. प्रोजेक्टमध्ये नाही टाकलं."

सरांनी फाइल मिटली आणि मार्कांचा कागद पुढं ओढला. प्रतीक्षा पहिल्या वर्गात पास झाली. माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करते.

तिची आई आता दर मंगळवारी माझ्या खोलीत येऊन बसते. प्रतीक्षा बाहेर थांबते. आमच्या फॉर्ममध्येही मी एक बदल केला आहे. सगळ्यात वर, पहिल्या प्रश्नाच्याही आधी, एक ओळ विद्यार्थ्यानं स्वतः भरायची असते: उत्तर देताना जवळ कोण कोण बसलं होतं?