मेहुण्यांनी घातलेली नवी टायरं

दौंडच्या मेहुण्यांनी आपली जुनी मोटार मला दिली, तीही पुढची दोन्ही टायरं नवी घालून. मी अगदी भारावून गेलो. पण शिरूरला आणल्यापासून गाडी सारखी डावीकडं ओढायची. स्टिअरिंग उजवीकडं रेटून माझे दंड भरून यायचे, आणि बायको म्हणायची, "माझा दादा चालवायचा तवा बरी सरळ जायची!" मलाही ते पटायचं. मी सायकलसुद्धा कधी धड सरळ चालवली नव्हती.

एकदा पंक्चर झालं म्हणून चाक बदलताना पाहिलं, तर पुढच्या डाव्या टायरची फक्त बाहेरची कड झिजलेली. मागच्या एका जुन्या टायरचीही हुबेहूब तशीच. म्हणजे ते आधी पुढं होतं. चाक तेव्हापासूनच बाहेर कललेलं होतं, आणि मेहुण्यांनी झिजलेलं टायर मागं टाकून पुढं नवी घातली होती.

मेहुणे घरी आले तेव्हा चाकाचं ठाऊक होतं का, असं विचारलं. ते खुशाल हसले. "ठावं व्हतं की, दाजी! पन तुमी कुठं लांब जाता?"

निदान 'माहीत नव्हतं' असं तरी म्हणतील, असं मला वाटलं होतं.

चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली.

"दादा, त्या गाडीत मी बी बसते रं."

तिनं चहा तसाच आत नेला.