दादांची बोट

दादांनी बोट घेतली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. माझ्या वाट्याचा पेढा मी कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकला. दादा म्हणजे माझे थोरले दीर. चितेगावला त्यांचा प्लास्टिकच्या सुट्या भागांचा कारखाना आहे आणि माझा नवरा, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, तिथं मेंटेनन्स बघतो. रविवारी बोलावणं भाऊ म्हणून येतं आणि काम नोकराचं असतं.

बोट मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याची, वापरलेली. पांढरीशुभ्र, वर मलईच्या रंगाच्या लेदरच्या गाद्या, खाली एक बुटकी खोली, तिच्यात पलंग, फ्रिज आणि संडास. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठं. पण पैठणचं धरण होतं, आणि धरणाच्या बॅकवॉटरला लागून दादांच्या एका मित्राचं फार्महाऊस होतं. परवानगीचं काय, असं मी विचारलं तर "बघून घेऊ" म्हणाले. दादा आयुष्यभर सगळं बघूनच घेत आलेत.

आधी कारखान्याच्या आवारात पूजा झाली. आमच्याकडं नळाला पाणी आलं की बायका गॅस बंद करून ड्रमांकडं धावतात. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत पाणी आलंच नव्हतं, आणि इथं पिण्याच्या पाण्याचा टँकर उभा करून बोटीला आंघोळ घातली जात होती. मग हार, हळदीकुंकू, मागच्या, पाणी कापणाऱ्या पंख्यांना लिंबू-मिरची. पुढच्या स्टीलच्या कठड्यावर दादांनी नारळ फोडला, त्याचं पाणी उडून गादीवर पडलं, आणि दादा भटजींच्या देखत जाऊबाईंवर खेकसले, "बघत काय बसली, पूस की! लेदर हाय त्ये!" जाऊबाईंनी पैठणीच्या पदरानं पुसलं.

या बोटीइतकं नाजूक जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही. तिला दोन इंजिनं, आकडे दाखवणारे तीन पडदे, आणि बटणं इतकी की त्यातली निम्मी कशाची ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसावं. आज बॅटरी बसली, उद्या पंप अडकला, परवा कुठला तरी सेन्सर ओरडतोय. धरणावर नेल्यापासून दर रविवारी तिचं काहीतरी दुखायचं आणि दर रविवारी माझा नवरा तिच्या पोटात शिरायचा. आठवडाभर जेवताना तो ताटाशेजारी मोबाइल ठेवून परदेशी लोकांचे बोटदुरुस्तीचे व्हिडिओ बघायचा. मुलीच्या दहावीचा अभ्यास, माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं "या रविवारी नको" मध्ये वाहून गेलं.

"एकदा तरी नाही म्हणा त्यांना," मी म्हणायचे.

"दादाला कसं नाही म्हणणार?"

मला दुसरं काही नको होतं. बोट बुडावी असंही मी कधी मनात आणलं नाही. या माणसानं आपल्या भावाला एकदा, एका साध्या गोष्टीला, "नाही जमणार" म्हणावं एवढंच मला बघायचं होतं.

संडासाची गोष्ट लिहू नये असं वाटतं, पण ती लिहिल्याशिवाय ही बोट कळायची नाही. बोटीतल्या संडासाखाली टाकी असते. ती भरली की बंदरावर पंप लावून उपसतात म्हणे. आमच्याकडं कुठलं बंदर? दादांच्या पाहुण्यांनी दोन-तीन रविवार मटण-भाकरी हाणून ती टाकी भरली, आणि उन्हात ती अशी घमघमायला लागली की जाऊबाई नाकाला पदर लावून बसायच्या. दादा नवऱ्याला म्हणाले, "धरणात आतमधी नेऊन सोड. पाणी लई हाय, कुठं कळतंय."

धरणातलं हे पाणी आमचं शहर पितं. त्याची वाट बघत आम्ही पहाटे मोटार लावून बसतो. टाकी सोडून आल्याचं नवऱ्यानं मला रात्री सांगितलं ते खाली मान घालून. "नाय म्हणायचं मनात आलं होतं," तो म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी पाणी दोनदा उकळलं आणि तरी भरलेला पेला तसाच मोरीत ओतून दिला.

आता लाल दोरीबद्दल सांगते. चालवणाऱ्याच्या जागेपाशी एक पिळदार लाल दोरी असते. तिचं एक टोक स्टार्टरजवळच्या खटक्यात अडकवलेलं, दुसरं चालवणाऱ्याच्या, पाण्यात तरंगवणाऱ्या जाकिटाला. माणूस पाण्यात पडला तर दोरी ओढली जाते, खटका निसटतो, इंजिन बंद. या सगळ्या पसाऱ्यात शहाणी वस्तू एवढी एकच, आणि मला कळणारीही तीच. नवऱ्यानं घरी चहा घेता घेता माझ्या ओढणीनं दाखवलं होतं.

दादांना ती दोरी मुळीच आवडायची नाही. फोटोसाठी उठून उभं राहिलं की इंजिन बंद पडायचं आणि पाहुण्यांसमोर पंचाईत. आता आमच्याकडं गाडीत पट्टा न लावता बसलं की जी पीं-पीं होते, तिच्यावर इलाज ठरलेला आहे. बाजारात नुसतं बक्कल मिळतं, ते खाचेत खुपसलं की गाडी गप्प. दादांच्या तिन्ही गाड्यांत तसली बक्कलं आहेत, आमच्याही गाडीत आहे. गाडी घेतली की सीट कव्हर आणि बक्कल एकाच दुकानातून येतं. तेच डोकं त्यांनी बोटीला लावलं. "ती दोरी त्या दांड्याला बांधून टाक कायमची," ते नवऱ्याला म्हणाले. "नुसता ताप हाय डोक्याला."

"दादा, ती माणसाला लावायची असती."

"आपल्याला कोण पाडतंय? बांध."

नवऱ्यानं खुर्चीशेजारच्या स्टीलच्या दांड्याला बांधली. गाठ पक्की बसली का ते ओढूनसुद्धा पाहिलं.

त्या रविवारी दादांना रील काढायचं होतं. नवरा चालवायला, दादा पुढच्या टोकावर काळा चष्मा लावून हात पसरून, जाऊबाई मोबाइल धरून, आणि मी मागच्या गादीवर. नारिंगी जाकिटं दादांनी काढायला लावली, फोटोत चांगली दिसत नाहीत म्हणून. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुम्हाला पोहता येत नाही, तुम्ही जाकीट काढलंत तर मी आत्ता इथं ओरडेन." दादा हसले. "बायकोनं लंगोट बांधून दिला का रे?" नवरा ओशाळला, पण जाकीट राहिलं. ते माझ्या धाकानं राहिलं.

"मार राउंड!" दादा ओरडले. नवऱ्यानं वळवली. "आरं, जोरात मार! काय बैलगाडी हाकतोस!" दादा समोर उभे, त्यामुळं त्याला पुढचं दिसेना. तो उठून बाजूनं वाकला, तेवढ्यात आमच्याच बोटीनं उठवलेल्या लाटेवर बोट आदळली, एका अंगावर गेली, आणि नवऱ्याची जागा रिकामी झाली.

दादा तोंडावर आपटले. जाऊबाई किंचाळल्या. इंजिनं मात्र चालूच होती. दांडा काही पाण्यात पडला नव्हता ना! रिकामं चाक आपोआप एका बाजूला फिरलं आणि बोट गोल गोल घुमायला लागली, त्याच जागेभोवती जिथं नारिंगी जाकिटात माझा नवरा हात मारत होता. दर फेरीला ती त्याच्याकडं आणखी सरकत होती. मागचे पंखे पाणी फाडत होते. थोड्या अंतरावर थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं सोडणारा एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "अरे बंद करो मशीन! कट जाएगा वो!"

मी गुडघ्यांवर पुढं सरकले. समोर ते पडदे, ती बटणं. एक दाबलं तर गाणं लागलं. दुसरं दाबलं तर निळे दिवे लागले. दादा कठड्याला मिठी मारून ओरडत होते, "कशाला पण हात लावू नको, बिघडंल!" तेव्हा मला ती दांड्याला बांधलेली दोरी दिसली. दोन्ही हातांनी धरून मी मागं झोकून दिलं. गाठ सुटली नाही, पण खटका निसटला. इंजिनं बंद पडली. गाणं चालूच राहिलं.

नवरा बोटीच्या बाजूला लागूनच होता. हात लांबवला असता तर पंखा लागला असता. तराफ्यावरचा माणूस वल्हवत आला, त्यानं त्याला काखेत धरून आमच्याकडं ढकललं आणि मी आणि जाऊबाईंनी त्याला वर ओढलं. त्याची नडगी कुठल्यातरी धारेला लागून सोलली होती. तो पाणी ओकला, खोकला, मागच्या गादीवर कोसळला. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. मला वाटलं, आता हा बोलेल. आता तरी याच्या तोंडून निघेल.

तो माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "इंजिनाला काय झालं नाय ना?"

"नाय, नशीब समज," दादा कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणाले. "पण वल्ल्या कपड्यानं गादीवर नको बसू. रगत बी लागतंय बघ. लेदर हाय त्ये."

"व्हय दादा."

तो उठला. गादीवरचा रक्ताचा डाग त्यानं आपल्या बाहीनं पुसला, नीट गेला का ते वाकून पाहिलं, आणि खाली फरशीवर पाय जवळ घेऊन बसला. दादांची किळस मला रोजचीच होती, तिची मला सवय होती. त्या दुपारी मला माझ्या नवऱ्याची किळस आली. जिवंत परत आलेल्या माणसाची. मी पर्समधला रुमाल काढून त्याच्या पायाला बांधला. मग दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, आणि बोट काठाला लागेपर्यंत त्याच्याकडं पाहिलं नाही.